सार्वमताच्या प्रचारातील दावे आणि लक्ष्यित जाहिराती कशा तपासाव्यात

सार्वमताच्या प्रचारात मतदाराची दिशाभूल करण्यासाठी धडधडीत खोटे बोलावेच लागते असे नाही. बहुतेक वेळा आकडा कुठल्या तरी खऱ्या सरकारी कागदावरूनच उचललेला असतो. मात्र मतदाराच्या मनात जो प्रश्न असतो, त्याचे ते उत्तर नसते. म्हणून ‘हे खरे की खोटे’ एवढेच विचारून थांबणारा मतदार सहज फसतो. हा आकडा नेमके काय मोजतो, आणि हा मजकूर माझ्याखेरीज आणखी कोणाला दाखवला जात आहे, हे दोन प्रश्न विचारायला हवेत. युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी झालेले सार्वमत या दोन्हींचा अभ्यास करण्यासाठी फार उपयोगी आहे.

एरवीच्या निवडणुकीत मतदाराला पक्षाचे नाव आणि उमेदवाराचा पूर्वेतिहास यांचा आधार असतो. सार्वमतात हा आधार पुष्कळदा नसतो किंवा दुबळा असतो. अमेरिकेतील जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रुकमन या राज्यशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मतदाराचे मन वळण्याचे सरासरी प्रमाण जवळपास शून्य निघाले. परंतु ज्या मतदानात पक्षाचा शिक्का दिशा दाखवत नाही, तेथे, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकांत आणि एखाद्या प्रस्तावावरील मतदानात, प्रचाराचा परिणाम दिसून आला. सार्वमतात दावे तपासण्याचे कष्ट घेणे का आवश्यक आहे, हे यावरून कळते.

तपासणीची सुरुवात मतपत्रिकेवरील प्रश्नापासून करावी. तो शब्दशः उतरवून घ्यावा आणि प्रत्येक दावा त्याच्याशेजारी ठेवून पाहावा. ‘युरोपीय संघाला आपण दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, तो पैसा आपल्या आरोग्यसेवेला देऊ’ अशा आशयाचे वाक्य ‘व्होट लीव्ह’ या बाहेर पडण्याच्या बाजूच्या संघटनेने लाल बसवर रंगवले होते. हे एक वाक्य दिसत असले, तरी त्यात दोन स्वतंत्र दावे आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय तपासता येत नाहीत. पहिला दावा पैशाचा. ३५ कोटी ही ढोबळ रक्कम होती. ब्रिटनला मिळणारी सवलत पैसे पाठवण्याआधीच वजा होत असे, त्यामुळे प्रत्यक्षात जाणारी रक्कम आठवड्याला सुमारे २५ कोटी पौंड होती; शिवाय तिच्यातील बराच भाग शेतकऱ्यांचे अनुदान, संशोधन आणि मागास भागांचा विकास यांसाठी ब्रिटनमध्येच परत येत असे. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले होते. दुसरा दावा वचनाचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. प्रचारसंघटना सरकार चालवत नसते. आरोग्यसेवेला पैसे देण्याचा अधिकार तिला कधीच नव्हता, आणि मतदानानंतर वचनाचा जाब विचारायला ती संघटना जागेवर असेलच, याचीही खात्री नसते. म्हणून सार्वमतातील प्रत्येक वचनापुढे ‘हे पाळण्याचा अधिकार कोणाकडे आहे?’ असे लिहून ठेवावे.

दुसऱ्या बाजूचे दावेही याच कसोटीवर घासून पाहावेत. आपल्याला पटणाऱ्या बाजूच्या बाबतीत आपण हमखास ढिले पडतो. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने असा अंदाज मांडला की बाहेर पडल्यास दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचे नुकसान होईल. घराच्या मिळकतीतून एवढे पैसे कमी होणार, असाच त्याचा अर्थ सर्वसाधारण वाचक घेणार. प्रत्यक्षात हिशेब निराळा होता. संघात राहिल्यास अर्थव्यवस्था २०३० पर्यंत जेवढी वाढेल, त्यापेक्षा ती ६.२ टक्क्यांनी लहान राहील असे गृहीत धरून, त्या फरकाला कुटुंबांच्या संख्येने भागले होते. म्हणजे ही आजच्या तुलनेतली घट नव्हती आणि तो कुटुंबाच्या उत्पन्नाचा आकडाही नव्हता. मूळ अंदाज जाणकारांनी विचारपूर्वक केलेला असला, तरी तो मांडण्याची रीत चुकीची होती. कोणताही आकडा दिसला की ढोबळ की निव्वळ, कोणत्या काळातला, आणि कशाच्या तुलनेत, एवढे तरी विचारावेच.

आकडा सरकारचा आहे म्हणून तपासणी सोडू नये. विवाहित जोडप्यांवरील कराच्या प्रश्नावर स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये मतदान झाले, तेव्हा वाढीव कराचा फटका दोघेही कमावत्या अशा ८०,००० जोडप्यांना बसतो असे सरकारी माहितीपत्रकात छापले होते. खरा आकडा ४,५४,००० होता. प्रस्ताव ५०.८ विरुद्ध ४९.२ टक्के अशा निसटत्या फरकाने पडला, आणि एप्रिल २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द ठरवले.

आता जाहिरातींकडे वळू. बसवरचा दावा निदान सगळ्यांना दिसत होता, त्यामुळे त्यावर चारचौघांत वाद होऊ शकला. लक्ष्यित जाहिरातीचे तसे नसते; शेजाऱ्याला काय दाखवले गेले, हे आपल्याला कळत नाही. ‘व्होट लीव्ह’च्या फेसबुकवरील जाहिराती ब्रिटिश संसदेच्या समितीने प्रसिद्ध केल्या त्या जुलै २०१८ मध्ये, म्हणजे मतदानाला दोन वर्षे उलटल्यावर. काही जाहिराती तुर्कस्तानच्या लोकसंख्येचा आकडा देऊन तो देश संघात येणार असल्याचे सांगत होत्या. वस्तुतः नव्या देशाला प्रवेश द्यायला प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते आणि ब्रिटनकडेही नकाराचा अधिकार होता. इतर जाहिराती ध्रुवीय अस्वलांच्या रक्षणाविषयी होत्या, तर काही बैलझुंजीविषयी. प्राण्यांविषयी कळवळा असलेल्या मतदाराने वाचलेला प्रचार आणि स्थलांतराची धास्ती घेतलेल्या मतदाराने वाचलेला प्रचार हे जणू दोन वेगळ्या सार्वमतांचे होते. एका गटाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या गटाच्या कानावर जात नाही, त्यामुळे ती खोडून काढणाराही कोणी भेटत नाही. लक्ष्यित जाहिरातीची खरी ताकद मला यातच दिसते.

यावर उपाय करता येतो. जाहिरात दिसली की तिच्या कोपऱ्यातील पर्याय उघडून ‘ही जाहिरात मला का दिसते’ हे पाहावे. वय, ठिकाण, आवड यांपैकी कशावरून आपली निवड झाली, हे बऱ्याचदा तेथे दिलेले असते. त्यानंतर फेसबुकच्या ‘ॲड लायब्ररी’त, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या नोंदीत, त्याच जाहिरातदाराचे नाव शोधून त्याच्या सगळ्या राजकीय जाहिराती एकाखाली एक वाचाव्यात. तेथे अंदाजे खर्च आणि जाहिरात पाहणाऱ्यांचे वय व प्रदेश हेही कळते. तोच जाहिरातदार तरुणांना एक आणि वृद्धांना त्याच्या उलट सांगत असेल, तर त्याचे कोणतेच वचन जमेस धरू नये. आपल्याहून वेगळ्या वयाच्या आणि वेगळ्या मताच्या दोन-तीन माणसांना त्यांच्या फोनवर काय दिसते ते विचारणे तर याहून सोपे आहे. खाजगी गटांत फिरणारे संदेश मात्र कोणत्याही नोंदीत सापडत नाहीत, तेव्हा त्यांतील दावा मूळ कागदाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

स्पर्धा आणि प्रश्नमंजूषा यांपासून दूर राहावे. २०१६ च्या युरो फुटबॉल स्पर्धेतील सर्व ५१ सामन्यांचे निकाल अचूक सांगणाऱ्यास ५ कोटी पौंड देण्याची स्पर्धा ‘व्होट लीव्ह’ने काढली होती, राजकारणाकडे एरवी न फिरकणाऱ्या लोकांचे संपर्क मिळवणे हा तिचा हेतू होता.

या सगळ्याचा परिणाम फुगवूनही सांगू नये. सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के विरुद्ध पडली, आणि त्यांतील किती मते जाहिरातींनी फिरवली हे मोजून सांगता येत नाही. फेसबुकवरील लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने हे सार्वमत फिरवले असे आजही ठामपणे सांगितले जाते. परंतु ब्रिटनच्या माहिती आयुक्तांना २०२० मध्ये तपासाअंती त्या कंपनीचा सार्वमतात, सुरुवातीच्या काही चौकशीपलीकडे, सहभाग आढळला नाही. कंपनीने सार्वमत फिरवले हाही एक दावाच आहे आणि तोही तपासूनच पुढे सांगावा.

शेवटी पैसा कोणाचा, हे पाहावे. ‘व्होट लीव्ह’ला ७० लाख पौंडांची खर्चमर्यादा होती. ‘बीलीव्ह’ नावाच्या तरुणांच्या गटामार्फत एका कॅनेडियन जाहिरात कंपनीवर पावणेसात लाख पौंड खर्च झाले, आणि निवडणूक आयोगाने ते दोघांचे संगनमताचे काम आणि म्हणून तो खर्च ‘व्होट लीव्ह’च्याच मर्यादेत धरायचा असे ठरवून जुलै २०१८ मध्ये ‘व्होट लीव्ह’ला ६१,००० पौंडांचा दंड केला. निकाल मात्र केव्हाच लागून गेला होता. नोव्हेंबर २०२३ पासून ब्रिटनमध्ये डिजिटल राजकीय जाहिरातीवर ती कोणाची आहे हे छापावे लागते. ती ओळ वाचावी, ते नाव निवडणूक आयोगाच्या नोंदणीत आहे का ते बघावे, आणि मतदानाच्या तोंडावर अचानक उगवलेल्या अनोळखी गटाची जाहिरात, तिच्यामागचा पैसा कोठून आला हे कळेपर्यंत, पुढे पाठवू नये.