क्लासची फी सगळ्यात शेवटी

मुलाला किंवा मुलीला घरीच शिकवायचं असं ठरलं की पालक त्याच रात्री ऑनलाइन कोर्स धुंडाळायला बसतात. माझ्या यादीत कोर्स बराच खाली येतो आणि फी भरणं तर अगदी तळाला. आधीची कामं झालेली नसतील तर चांगल्यातला चांगला कोर्सही दोन-तीन महिन्यांत ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेल्या रेकॉर्डिंगांच्या ढिगात जमा होतो.

पहिलं काम कागदपत्रांचं. कंटाळवाणं आहे, म्हणूनच आधी उरकायचं. तुम्ही राहता तिथे होमस्कूलिंगला कायद्याने मुभा आहे का, कुठे कळवावं लागतं का, हे बघा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं असल्याने मुभा जवळजवळ नाहीच, फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी काढावी लागते, तर इंग्लंडमध्ये पालकांना बरीच मोकळीक आहे. मुभा असली तरी सोळा-सतराव्या वर्षी मूल कुठली परीक्षा देणार, हे आजच ठरवायला हवं, कारण अभ्यास त्या परीक्षेपासून मागे मागे आखत यायचा असतो. केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे साधारण दहावीच्या तोडीची परीक्षा, खासगी उमेदवार म्हणून देता येते. मात्र प्रत्येक केंद्र बाहेरचे उमेदवार घेत नाही, आणि ज्या विषयांत कोर्सवर्कला, म्हणजे वर्षभर करून घेतलेल्या कामाला, गुण असतात ते बाहेरून देणं अवघड जातं. घरी प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान सोडायचं कारण नाही. प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपरचा पर्याय तिथे असतो. केंद्राचा होकार ईमेलवर घ्या, तोंडी नको. आणि शाळा सोडतानाच दाखला नि मागच्या गुणपत्रिका हातात घ्या. नंतर त्याच कागदांसाठी खेटे घालावे लागतात.

दुसरं काम मुलाशी बोलण्याचं, विशेषतः भाषेबद्दल. कुठली परदेशी भाषा घ्यायची हे चौदा वर्षांच्या मुलाला विचारून ठरवा. आतेबहीण जर्मन शिकते म्हणून यानेही जर्मन, हा हिशेब फार दिवस टिकत नाही. ॲनिमे बघून जपानी शिकावंसं वाटतंय, हे कारण पालकांना पोरकट वाटतं. मला ते भक्कम वाटतं, कारण रोज कानावर पडणारी भाषा त्याने आधीच मिळवून ठेवलेली असते. ‘पुढे नोकरीला उपयोगी पडेल’ या कारणात तेवढा दम नसतो.

भाषा ठरली की कागद-पेन घेऊन तास मोजा. या यादीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम हेच. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती नीट यायला साधारण ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरते. जपानी, चिनी, कोरियन, अरबीला सुमारे २२००. मराठी मुलाला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामामागून येतात, त्यामुळे वाक्याची घडण आपल्याला ओळखीची वाटते. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी लिपीतून आलेली अक्षरं, मात्र कुणालाच सूट देत नाहीत. जपानमधल्या रोजच्या वापराच्या अधिकृत यादीतच २१३६ आहेत. आता आपला हिशेब करा. आठवड्याला तासाचे दोन क्लास, वर्षात ४० आठवडे, झाले ८० तास. एवढ्यात पहिली पायरी, म्हणजे युरोपीय मोजपट्टीतली ए१, गाठली तरी खूप. तेच मूल रोज अर्धा तास, वर्षाचे ३०० दिवस भाषा घेऊन बसलं तर १५० तास होतात. म्हणजे फी भरलेल्या तासांच्या जवळपास दुप्पट काम घरच्या फुकटच्या अर्ध्या तासात होतं. त्या अर्ध्या तासाची जागा वेळापत्रकात आधी आखा, क्लास तिच्या आजूबाजूला बसवा.

त्या अर्ध्या तासात काय करायचं हेही आधीच ठरलेलं बरं, नाहीतर ॲपवर टिचक्या मारण्यात वेळ जातो आणि अभ्यास झाल्यासारखा वाटतो. पहिली दहा मिनिटं शब्दांच्या कार्डांना द्या. खोक्यात पाच कप्पे करा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे कप्पे वाढत्या अंतराने. सेबास्टियन लाइटनरची ही जुनी पद्धत, आणि अँकीसारखी ॲप हेच काम मोबाइलवर करतात. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली कार्डं मला जास्त विश्वासाची वाटतात. नाम लिहिताना लिंगासकट लिहायचं. मराठीत तीन लिंगं असल्याने जर्मनचा प्रकार आपल्या मुलांना नवा वाटत नाही, पण कुठल्या नामाचं लिंग कुठलं, हे पाठच करावं लागतं. उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवय मात्र पहिल्याच आठवड्यात मोडा. फ्रेंचचा ओठ पुढे काढून म्हणायचा ‘उ’ आपल्या कुठल्याच अक्षरात मावत नाही, आणि ‘यू’ लिहिलं की तोच जिभेवर बसतो. पुढची दहा मिनिटं एकच छोटी ध्वनिफीत लावून तिच्याबरोबर मोठ्याने बोलायचं, शेवटची दहा हाताने चार-पाच ओळी लिहायला.

भाषेच्या परीक्षेचं स्वरूपही आताच वाचून ठेवा. फ्रेंचच्या डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १०० पैकी ५०, आणि एकाही भागात ५ पेक्षा कमी चालत नाही. जपानीच्या जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे वरच्या पातळ्या पार करूनही तोंड न उघडणारी मुलं भेटतात. किशोरांसाठी डेल्फच्या आणि गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन परीक्षांच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यांतले विषय त्यांच्या वयाचे असतात. त्याच निवडा.

आता कुठे डेमो क्लास. डेमोला मुलाशेजारी नको, पण ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसा आणि शिक्षक कसे हसतात-बोलतात ते सोडून फक्त एक गोष्ट मोजा: प्रत्येक मूल किती वेळ बोललं. ५० मिनिटांचा क्लास, बारा मुलं, निम्मा वेळ शिक्षकांचा. म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं, तीही माइक चालू करण्यात, ‘आवाज येतोय का’ म्हणण्यात अर्धी संपलेली. भाषेसाठी अशी बॅच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गणिताला किंवा इतिहासाला चालेल. भाषेला चार-पाच जणांची बॅच बघा, किंवा मोठ्या बॅचला जोडून आठवड्यातून अर्धा तास एकट्याची शिकवणी. वही कोण तपासतं, चुका कुठे दाखवतात, की नुसताच हिरवा टिकमार्क येतो, हेही विचारून घ्या.

शिक्षक दुसऱ्या देशात असतील तर घड्याळाकडे लक्ष द्या. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे-मागे होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे एक शिक्षिका फ्रान्समधली आणि एक सर अमेरिकेतले असतील तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे दोघांच्या वेळांतलं अंतरच बदलतं, आणि क्लास एकमेकांवर आदळतात. कॅलेंडरमध्ये क्लास नोंदवताना शिक्षकांच्या शहराची वेळ निवडा, बाकीचा हिशेब ते आपोआप करतं. बदललेली वेळ रात्री अकराला जात असेल तर तो क्लास नको. तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि घरीच असल्याने उशिरा उठता येतं म्हणून रात्री जागायचं, हे चक्र एकदा लागलं की सुटत नाही.

सामानाची यादी छोटी आहे: माइकवाला वायरचा हेडफोन, डाउनलोडइतकाच अपलोडचाही वेग तपासलेलं इंटरनेट, ते बंद पडलं तर मोबाइलचा डेटा, आणि शिकायच्या भाषेचा कीबोर्ड लॅपटॉपवर आधीच बसवलेला. टेबलाची जागा दार उघडं राहील अशी. अकाउंट काढताना वयाची अट वाचा. अनेक सेवांची किमान मर्यादा १३ वर्षांची असते, काही देशांत त्याहून जास्त.

नोंदींसाठी एक फाइल करा. काय शिकलं, किती तास, कुठली पुस्तकं, तारखेसह लिहिलेले निबंध, बोलण्याचं दर महिन्याचं एक रेकॉर्डिंग. पुढे कुठल्याही प्रवेशाला हीच फाइल कामी येते. आणि स्क्रीनबाहेरची माणसं आधीच जोडून ठेवा: खेळाचा गट, वाचनालय, नाटक, काहीही, पण आठवड्यातून दोन-तीनदा समवयस्क प्रत्यक्ष भेटतील असं.

एवढं झालं की फी भरा. वर्षाची एकदम भरू नका, सवलत कितीही दिली तरी. एका सत्राची भरा. मध्येच सोडलं तर किती परत मिळतात, शिक्षक बदलले तर काय, रेकॉर्डिंग किती दिवस दिसतं, हे लेखी घ्या, आणि पावती त्याच फाइलमध्ये लावा.