प्रेशर पंप सारखा चालू-बंद व्हायचा, त्याची गोष्ट

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या कॉम्प्लेक्सचा प्रेशर पंप दर सात-आठ सेकंदांना चालू-बंद होत होता. एखाद्या दुकानात नळ जरा उघडला, की बेसमेंटमधून कॉन्टॅक्टरची, म्हणजे पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची खटखट सुरू. महिन्यात दोन कॉन्टॅक्टर जळाले. वायरमनच्या सांगण्यावरून पाण्याचा दाब बघून पंप चालू-बंद करणारा प्रेशर स्विचही बदलला, तरी फरक शून्य.

मग मी पंपाशेजारच्या लाल प्रेशर टाकीकडे वळलो. तिच्यात रबरी फुगा असतो. फुग्यात पाणी, बाहेर दाबलेली हवा. थोडं पाणी लागलं तर ते ही हवाच ढकलते, पंपाला उठावं लागत नाही. टाकीवरच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन नखानं दाबली. हवेऐवजी गंजकट पाण्याची चिळकांडी थेट मनगटावर! फुगा फाटला होता. कोरडी हवा आली असती, तर नुसती हवा भरून भागलं असतं.

मेन स्विच बंद, आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद, टाकी पूर्ण रिकामी. फ्लँजचे, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या झाकणाचे सहा बोल्ट सोडून उद्यमनगरातून आणलेला त्याच मापाचा फुगा बसवला.

हवा मात्र नीट मोजूनच भरा, आणि तीही पाण्याची बाजू रिकामी असतानाच. पाणी भरलेलं असताना काटा फसवतो. आमचा पंप अडीच किलो दाबाला (किलो प्रति चौरस सेंटिमीटर), म्हणजे साधारण ३५ पौंडांना (पीएसआय) चालू होतो. हवा त्याहून दोन पौंड कमी हवी, म्हणून ३३ भरली, टायरच्याच पंपानं.

आता पंप एकदा चालला की दीड-दोन मिनिटं शांत असतो. दर तीन महिन्यांनी हवा तपासायची, असं वॉचमन मामांच्या वहीत लिहून ठेवलंय.