गरोदरपणातला हिवताप: रक्त ‘निगेटिव्ह’ आलं तरी थांबू नका

गरोदर बाईला ताप आला की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, “वातावरणाचा आहे, दोन दिवस बघू.” गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या पट्ट्यात, तेही पावसाळ्यात, हे दोन दिवस फार महाग पडतात. फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप गरोदरपणात झपाट्याने वाढतो. आईचं रक्त कमी होतं, पोटातल्या बाळाचं वजन भरत नाही, गर्भपात होऊ शकतो, दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. हे सगळं टाळता येतं, पण कामं वेळेवर झाली तरच.

मच्छरदाणी

सरकारी वाटपातली औषध भरलेली मच्छरदाणी पाकिटातून काढून एक दिवस सावलीत टांगा, मग वापरा. खाटेवर झोपत असाल तर कडा गादीखाली आणि जमिनीवर झोपत असाल तर चटईखाली चारी बाजूंनी खोचा. नुसती लोंबती ठेवलेली मच्छरदाणी अर्धंच काम करते. हात किंवा पाय जाळीला टेकला तर डास बाहेरूनही चावू शकतो, म्हणून ती ऐसपैस बांधा. साध्या साबणाने, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. नाल्यात धुऊ नका, त्या औषधाने मासे मरतात. साधारण २० धुण्यांनंतर तिच्यातलं औषध उतरतं. उन्हाळ्यात अंगणात झोपताना चार काठ्या रोवून ती बाहेर लावा. तिसऱ्या महिन्यात लावू, नवव्यात लावू असं नको. दिवस गेल्याचं कळल्यापासून रोज लावा.

घर आणि आवार

साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओता, टाक्या झाका, विहिरीत गप्पी मासे सोडा. बाज गोठ्याला लागून टाकू नका. फवारणीवाले आले की सामान बाहेर काढा, आणि गरोदर बाईने भिंती पूर्ण वाळेपर्यंत आत जाऊ नये. त्यानंतर निदान अडीच महिने भिंती सारवू नका किंवा रंगवू नका. सणाच्या तोंडावर भिंत लिंपली की औषध शेणामातीखाली गाडलं जातं आणि फवारणी फुकट जाते. कडुलिंबाचा धूर करायचा असेल तर करा, पण त्याच्या भरवशावर मच्छरदाणी सोडू नका.

ताप आल्यावर: इथेच सगळे चुकतात

ताप, हुडहुडी, डोकेदुखी किंवा नुसता जबर थकवा जाणवला तरी त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. थंडी वाजलीच पाहिजे असं नाही. गरोदरपणात पुष्कळदा ताप बेताचाच असतो आणि बाई फक्त फिकी पडत जाते.

रक्त द्यायच्या आधी घरात उरलेल्या हिवतापाच्या गोळ्या घेऊ नका. दोन गोळ्यांनी रक्तातले जंतू इतके कमी होतात की काचपट्टीवर (रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) सापडत नाहीत, आजार मात्र राहतो. पॅरासिटामॉल घेतल्याने तपासणी बिघडत नाही, ती खुशाल घ्या. आयबुप्रोफेन घेऊ नका.

किटची (जागेवरच काही मिनिटांत निकाल देणारी) तपासणी डोळ्यांसमोर करून घ्या. पाकीट तेव्हाच फोडलेलं असावं. रक्ताचा थेंब आणि द्रावण टाकल्यावर पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांनीच, सहसा १५ ते २० मिनिटांनी, निकाल वाचावा. सी अक्षरापुढची रेष उमटली नसेल तर ते किट बाद, दुसरं घ्यायला सांगा. तासाभराने उमटलेल्या फिकट रेषेवरून काही ठरवू नका. किटबरोबर काचपट्टीही घ्यायला सांगा.

आता मुख्य मुद्दा. फॅल्सिपॅरमचे जंतू शिरलेल्या रक्तपेशी वारेत (प्लासेंटात) चिकटून बसतात. त्यामुळे बोटातून काढलेल्या थेंबात जंतू फार थोडे असू शकतात किंवा अजिबात नसतात. वारेत आजार सुरू असतो आणि हातात निगेटिव्हचा कागद असतो. म्हणून पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्या, तिसऱ्या दिवशीही द्या. “काल तर तपासलं” असं कोणी म्हणालं तरी मागे हटू नका. ताप नसताना हिमोग्लोबिन उतरत चाललं असेल तरीही हिवतापाची तपासणी मागा. तापाची बाकीची कारणं, लघवीचा संसर्ग वगैरे, डॉक्टर त्याच वेळी बघतील.

औषध महिन्यावर ठरतं

पाळी चुकली असेल तर ते आशाताईंना सांगा, अजून घरात कोणाला सांगितलं नसलं तरी. हे लपवल्यामुळे चुकीची गोळी पोटात जाते. प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध गरोदरपणात अजिबात चालत नाही. पोटातल्या बाळात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असेल तर त्याच्या रक्तपेशी फुटतात. नवऱ्यालाही हिवताप झाला असेल तर त्याच्या पाकिटातली एकही गोळी घेऊ नका, त्यात प्रायमाक्विन असू शकते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही नको.

वायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीवर क्लोरोक्विन नऊही महिने चालतं. १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या मोठ्या बाईला सहसा ४, ४ आणि २ अशा तीन दिवसांत देतात. फॅल्सिपॅरमवर चौथ्या महिन्यापासून आर्टेमिसिनिनची जोडगोळी (त्याच्यासोबत दुसरं औषध असलेली) देतात. पहिल्या तीन महिन्यांत पूर्वापार ७ दिवस क्विनिन दिलं जातं. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना त्या काळातही आर्टिमिथर-ल्युमेफँट्रिन ही जोडगोळी सुचवते. कोणतं द्यायचं हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. क्विनिन चालू असताना उपाशी राहू नका, रक्तातली साखर एकदम उतरते. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं तर शुद्धीत असेपर्यंत साखरपाणी पाजा आणि लगेच निघा. जोडगोळीत सल्फाडॉक्सिन असेल आणि तुम्ही ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिड घेत असाल तर ते सांगा. तेवढ्या फॉलिकने औषधाचा जोर कमी होतो.

गोळ्या जेवून घ्या. अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो, आशाताईंना कळवा. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका.

झटके, गुंगी, धाप, कावीळ, काळपट लघवी, अंगावरून रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एक जरी दिसलं तर उपकेंद्रात वेळ न घालवता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. तिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शन मिळतं आणि ते कोणत्याही महिन्यात देता येतं.

त्यानंतर

औषध संपल्यावर तपासणी काचपट्टीवर करा. किट काही आठवडे जुन्याच आजाराची रेष दाखवत राहू शकतं. हिमोग्लोबिन बघून लोहाच्या गोळ्या पुढे चालू ठेवा.

बाळंतपणाला माहेरी जाताना मच्छरदाणी आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सगळ्यात आधी टाका, आणि कार्डावर हिवतापाची नोंद करून घ्या. शहरातून गडचिरोलीकडे येणाऱ्या लेकीला जास्त जपा, तिच्या अंगात या आजाराशी झुंजायची सवय नसते.

वायव्हॅक्स झाला असेल तर त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि ताप उलटतो. त्यावरचं प्रायमाक्विन केव्हा आणि कसं घ्यायचं ते बाळंतपणानंतर, अंगावर पाजता हे सांगून, डॉक्टरांना विचारा. बाळाला पहिल्या महिन्यात ताप आला तर आईला गरोदरपणी हिवताप झाला होता हे सांगून त्याचंही रक्त तपासून घ्या.