दाढ काढल्यावर चूळ कधी भरावी, कशाने भरावी

दाढ काढून घरी आल्यावर पहिली चूक बहुतेकांच्या हातून वॉशबेसिनपाशी होते. तोंडात रक्ताची चव असते, डॉक्टरांनी चावून धरायला दिलेला बोळा नकोसा झालेला असतो, म्हणून माणूस खळखळून चूळ भरतो. घरातली वडीलधारी मंडळीही काळजीने सांगतात, 'मिठाच्या पाण्याने चूळ भर, जखम स्वच्छ राहील.' मीठपाणी चांगलंच आहे, पण पहिल्या दिवशी नाही.

दाढ निघाली की त्या खळग्यात रक्त साकळून गुठळी होते. गुडघ्यावरच्या खपलीचं जे काम, तेच तिचं: खालचं उघडं हाड झाकायचं आणि नवं मांस धरेपर्यंत टिकून राहायचं. जोराची चूळ, थुंकणं, स्ट्रॉने ओढून पिणं, सिगारेटचा झुरका यांतल्या कशानेही ती निसटू शकते. मग हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. ज्याने तो सोसला आहे, तो पुन्हा कधी पहिल्या दिवशी चूळ भरत नाही.

दाढ काढायला जाण्याआधी

जेवून, ब्रश करून जा. मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या आणि आकडा डॉक्टरांना सांगा, कारण वाढलेल्या साखरेत जखम लवकर भरत नाही आणि जंतूंचं फावतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला असेल किंवा जन्मजात हृदयदोष असेल, तर खुर्चीवर बसण्याआधीच हे बोलून टाका. दात काढताना तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात उतरतात. निरोगी माणसाचं शरीर ते निस्तरतं, पण अशा हृदयात ते ठाण मांडू शकतात. म्हणून यांतल्या ज्यांना धोका जास्त, त्यांना दाढ काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. मोठ्या माणसाला साधारणपणे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध. कुठल्याही माउथवॉशने त्या डोसची जागा भरून निघत नाही.

काही दवाखान्यांत काम सुरू करण्यापूर्वी जंतुनाशक चूळ भरायला देतात. सांगतील तितका वेळ ती तोंडात नीट फिरवा. तोंडातले जंतू त्याने काही काळ कमी होतात आणि उपकरणांमुळे हवेत उडणाऱ्या तुषारांतूनही कमी जातात. हत्यारांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात का, तेही बघा. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. 'डॉक्टर, ही स्टरिलाइझ केलेली आहेत ना?' असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

पहिले २४ तास

बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, सारखा काढून बघू नका. गालावर बाहेरून बर्फ लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवून तितकीच विश्रांती. लाळ गिळा, थुंकू नका. लाळेत थोडा लालसरपणा रात्रीपर्यंत दिसतो, त्याने घाबरायचं कारण नाही. जेवण म्हणजे गार किंवा कोमट पेज, नाहीतर मऊ आटवल, आणि तेही दुसऱ्या बाजूने. तारल्यांसारखे बारीक काट्यांचे मासे काही दिवस राहू द्या. ब्रश बाकीच्या दातांवर करायचा, खळग्यापासून लांब.

फेणीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. दाढ ठणकली की फेणीचा बोळा लावायचा किंवा घोट तोंडात धरायचा, ही सवय अजून आहे. दारूने ताजी जखम चरचरते आणि मुळाशी साचलेला पू जागचा हलत नाही. त्यातच डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहिलं असेल, तर गोळ्या संपेपर्यंत आणि पुढेही दोन-तीन दिवस दारू वर्ज्य समजा. मिशेरी आणि तंबाखूही या दिवसांत तोंडाला लावू नका.

दुसऱ्या दिवसापासून मीठपाणी

एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. पाणी विहिरीचं असेल तर आधी उकळून घ्या. घरात मिठागरातलं जाडं मीठ वापरत असाल तर ते पूर्ण विरघळू द्या, पाच मिनिटं ठेवा आणि वरचं निवळ पाणी तेवढं घ्या. तळाशी राहणारी बारीक रेती खळग्यात जायला नको.

घोट तोंडात घ्या, मान हळूच काढलेल्या दाढेच्या बाजूला कलवा, थोडा वेळ थांबा, मग दुसऱ्या बाजूला. गाल फुगवून खळखळ करायची नाही. शेवटी बेसिनवर वाकून तोंड उघडा आणि पाणी आपोआप पडू द्या. जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चार-पाच वेळा, आठवडाभर.

बाटलीतलं औषध

डॉक्टर बहुतेक वेळा क्लोरहेक्झिडीन हा जंतुनाशक माउथवॉश लिहून देतात. आपल्याकडे ते सहसा ०.२ टक्के असतं. दुकानातल्या रंगीत, थंडगार चवीच्या प्रत्येक बाटलीत ते नसतं, म्हणून लेबलवरचं बारीक अक्षर वाचा. हे औषध दातांना आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून राहतं आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतं, म्हणून दिवसातून दोनदा पुरतं. दाढ काढण्याच्या आधी आणि नंतर वापरलं तर ड्राय सॉकेटची शक्यता कमी होते. सुरू कधी करायचं ते डॉक्टर सांगतील. वेगळं काही सांगितलं नसेल तर पहिला दिवस तेही नको.

झाकणाने १० मिली मोजा आणि मिनिटभर तोंडात हळू फिरवा. पाणी मिसळायचं का, हे लेबलवर किंवा चिठ्ठीवर असेल तसंच करा. टाकून दिल्यावर लगेच साध्या पाण्याने चूळ भरू नका आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका.

ब्रश केल्या केल्या हे औषध घेतलं, तर ते बरंचसं फुकट जातं. टूथपेस्टला फेस आणणारा पदार्थ क्लोरहेक्झिडीनचा जोर मारतो. मध्ये किमान अर्ध्या तासाचं अंतर हवं. दुपारच्या जेवणानंतर एकदा आणि रात्री ब्रश करून तासाभराने एकदा, ही वेळ घरात सहज जमते.

काही दिवसांनी दातांवर तपकिरी डाग दिसू लागतात, चहा-कॉफी जास्त असेल तर लवकरच. जेवणाची चवही बदलते. औषध थांबवलं की चव परत येते आणि डाग डॉक्टर साफ करून देतात. पण म्हणूनच सांगितलेल्या मुदतीपुढे, बहुधा आठवडा-दोन आठवड्यांपुढे, बाटली चालू ठेवायची नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना कुठलाच माउथवॉश आपल्या मनाने देऊ नका, ती गिळतात.

पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाची बाटली घरात असली, तरी थायरॉइडचा आजार, गरोदरपण किंवा आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर तिला हात लावू नका. क्लोरहेक्झिडीनचीही क्वचित कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी येते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास कोंडणं. तसं झालं तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

चुळीवर थांबायचं नाही अशी वेळ

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते आणि मग उतरते, हे स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवसानंतर ठणका उलट वाढला, तोंडाला घाण वास येऊ लागला, ताप आला, पू दिसला किंवा बोळा धरूनही रक्त थांबेना, तर डॉक्टरांकडे परत जा. माउथवॉश वरवर फिरतो. हाडात किंवा हिरडीखाली साचलेल्या पुवापर्यंत तो पोचत नाही.

हनुवटीखाली दोन्ही बाजूंना कडक सूज, जीभ वर उचलल्यासारखी, लाळ गिळता न येणं, तोंड न उघडणं, आवाज बदलणं: यांतलं काहीही दिसलं, तर रात्र असो की रविवार, सकाळची वाट पाहू नका. दाढेचा संसर्ग मानेत उतरला की काही तासांत श्वासाची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी गोव्यात पेडण्याहून असो वा काणकोणहून, १०८ बोलावून थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं घ्या आणि दाढ कधी काढली ते तिथे पोचताच सांगा.