जपानच्या ग्रासरूट्स ग्रँटला अर्ज करायचाय? आधी हे वाचा

श्रीलंकेतलं युद्ध २००९ ला संपलं पण उत्तरेत किलिनोच्ची, मुल्लैतिवूकडं शेतात भूसुरुंग तसेच राहिले, आणि ते काढायला ज्यांनी पैसे दिले त्यात जपानची ही ग्रँट पण आहे, म्हणजे छोट्या स्थानिक संस्थांच्या कामांना जपान सरकार देतं ती मदत. १९८९ ला सुरू झाली, २००३ ला नावात 'मानवी सुरक्षा' आलं.

तिथल्या छोट्या संस्थेनं अर्ज टोकियोला नाही, कोलंबोतल्या जपानी दूतावासात द्यायचा. एकट्या माणसाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ बजेटमध्ये होतो बघा, लोक पगार, ऑफिसभाडं सगळं टाकून मोकळे होतात आणि ते सहसा चालत नाही, त्यापेक्षा विहीर, शाळेची खोली, मशीन असं डोळ्यांना दिसणारं मागा आणि प्रत्येकाला तीन वेगवेगळ्या ठिकाणची कोटेशन्स जोडा. जागा सुरुंगमुक्त असल्याचा कागद पण आधीच काढून ठेवा, बांधकामाचं नंतर बघू.

दूतावासाची माणसं जागा बघायला येतात, तेव्हा गावातल्या बायकांनाच बोलू द्या (प्रोजेक्टर वगैरे नको प्लीज). मंजूर झालं की करार, वेगळं बँक खातं, मधे एक रिपोर्ट आणि शेवटी एक. बिलं पहिल्या दिवसापासून फाईलला लावा.