तालमीतल्या पोराची कंबर दुखत असेल तर

सांगलीच्या तालमीत मागं कमान टाकणारा पैलवान असो की फास्ट बोलिंग टाकणारा पोरगा, वाढत्या वयात कंबर सारखी मागं वाकली की खालच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते.

एका पायावर उभं करून हळूच मागं वाकायला सांगा. कळ आली तर सराव त्याच दिवशी बंद. नाही आली तरी चीर नसेलच असं नाही. मालीश करून, गोळी देऊन पुन्हा मॅटवर उतरवू नका; दुखणं दबतं, चीर वाढते. दोन आठवड्यांत दुखणं थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून एमआरआयचंही विचारा.

ताप, झोपमोड करणारं दुखणं, पायाला मुंग्या असतील तर दोन आठवडे थांबू नका. पाय लुळा पडला किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी लगेच सिव्हिल गाठा.