प्रोग्रॅमच्या पोटातला सर्व्हर: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या कंपनीत लागलात, तर हे काम लवकरच वाट्याला येईल. वजनकाट्याशेजारच्या विंडोज मशीनवर आपला डेस्कटॉप प्रोग्रॅम चालू असतो आणि ऑफिसला काट्यावरचा ताजा आकडा हवा असतो. तेवढ्यासाठी तिथे वेगळा वेब सर्व्हर कोण बसवणार आणि सांभाळणार? मग सर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या विनंतीला उत्तर देणारा कोड, त्या प्रोग्रॅमच्या आतच सुरू करायची. यालाच सेल्फ-होस्टिंग म्हणतात.

2006 साली मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट 3.0 सोबत डब्ल्यूसीएफ, म्हणजे अशा सर्व्हिस लिहायचं फ्रेमवर्क, आलं. त्यातला सर्व्हिसहोस्ट तयार करून ‘ओपन’ म्हटलं की आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरशिवाय सर्व्हिस चालू होते. नवं काम आता बहुतेक केस्ट्रेलवर, म्हणजे नव्या डॉटनेटच्या प्रोग्रॅममध्येच चालणाऱ्या वेब सर्व्हरवर होतं. जावात स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क टॉमकॅट हा वेब सर्व्हर सोबतच घेऊन येतं. पण मी काम करतो तिथे डब्ल्यूसीएफचा जुना कोड भरपूर आहे, आणि नव्या मुलांनी त्याला कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं. थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली कामं एकामागून एक करणारा धागा, नेमका कसा चालतो हे तो कोड नीट शिकवतो.

खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हिस मुख्य थ्रेडवर, म्हणजे खिडकी आणि बटणं सांभाळणाऱ्या थ्रेडवर, उघडली, की बाहेरून येणारा प्रत्येक कॉल डब्ल्यूसीएफ त्याच थ्रेडकडे पाठवतं. एका कॉलला पाच सेकंद लागले, तर तेवढा वेळ खिडकी गोठते. त्याच प्रोग्रॅममधल्या बटणाने स्वतःच्याच सर्व्हिसला हाक मारली, तर पेच आणखी घट्ट होतो: बटण उत्तरासाठी थांबलेलं, उत्तर थ्रेड मोकळा व्हायची वाट पाहतंय. टाइमआउट होईपर्यंत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार एक मिनिट, कोणीच हलत नाही. कॉल मुख्य थ्रेडकडे पाठवणारी ‘यूज-सिंक्रोनायझेशन-कॉन्टेक्स्ट’ ही सेटिंग बंद करा, किंवा होस्ट वेगळ्या थ्रेडवर उघडा. त्यानंतर मात्र पडद्यावरचा आकडा बदलायला ‘इन्व्होक’ (काम मुख्य थ्रेडकडे सोपवणं) लागेल आणि सामायिक डेटाला लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला हात लावू देणारं कुलूप) लागेल. मुलाखतीत फ्रेमवर्कची नावं पाठ म्हणण्यापेक्षा हा पेच कागदावर काढून दाखवा.

पत्त्याकडेही लक्ष द्या. 127.0.0.1 वर ऐकणारी सर्व्हिस फक्त त्याच मशीनला दिसते. डब्ल्यूसीएफ एचटीटीपीवर उघडताना साध्या युजरला विंडोज परवानगी नाकारतं; इन्स्टॉल करतानाच ॲडमिनकडून विंडोजच्या ‘नेटएसएच’ कमांडने तो पत्ता राखून घ्यावा आणि फायरवॉलमध्ये पोर्ट मोकळा करावा. अख्खा प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवायची पळवाट मला अजिबात पटत नाही. कारखान्याच्या नेटवर्कवर उघड्या असलेल्या प्रोग्रॅमच्या हाती सगळं मशीन का द्यायचं?

शिफ्ट संपली की ऑपरेटर खिडकी बंद करतो आणि सर्व्हिसही तिथेच संपते. रात्रीही आकडे हवे असतील, तर ती विंडोज सर्व्हिस म्हणूनच, म्हणजे खिडकीशिवाय मागे चालत राहणारा प्रोग्रॅम म्हणून, लिहा.

सरावाला रूमवरचे दोन लॅपटॉप आणि एक वायफाय पुरे. एकावर सर्व्हिस चालवा, दुसऱ्यावरून कॉल करा, आणि कॉल चालू असतानाच होस्ट एकदा ‘क्लोज’ने, एकदा ‘अबॉर्ट’ने बंद करून दुसऱ्या बाजूला काय पोहोचतं ते बघा.